गिरणीतला पणजा, गावातला कागद

मॅकल्सफील्ड, काँगलटन, लीक ही इंग्लंडमधली रेशमाची गावे. एकोणिसाव्या शतकात तिथल्या रेशीम गिरण्यांत राबलेल्या माणसाचा पणतू आज आपला पूर्वज शोधायला निघाला, तर त्याची वाट बऱ्यापैकी आखलेली असते. १८३७ पासून जन्म, विवाह, मृत्यू यांची सरकारी नोंद आहे, त्याआधीच्या चर्चच्या वह्या आहेत, आणि १८४१ पासून दर दहा वर्षांनी झालेल्या खानेसुमारीची घरटी पाने जपून ठेवलेली आहेत. शंभर वर्षे उलटली की ती लोकांना खुली होतात. १८५१ च्या पानावर घरातल्या प्रत्येकाचे नाव, कुटुंबप्रमुखाशी असलेले नाते, वय, धंदा आणि जन्मगाव मिळते. नऊ-दहा वर्षांची पोर रेशमाच्या गिरणीत जात होती, हे तिच्याच नावापुढे लिहिलेले सापडते. तिथेही भोके आहेतच. १८३३ च्या कारखाना कायद्याने नऊ वर्षांखालच्या मुलांना गिरणीत ठेवायला बंदी केली, पण रेशीम गिरण्यांना त्यातून सूट दिली; त्यामुळे ज्यांची नोंद सर्वांत आधी व्हायला हवी होती ती सर्वांत लहान मुले कायद्याच्या कागदातून निसटली. तरीही रस्ता एकच राहतो: गाव धरा, गल्ली धरा, घर धरा, गिरणी त्याच गल्लीच्या टोकाला असते.

हाच नकाशा घेऊन दिल्लीच्या द्वारकेतल्या एखाद्या सोसायटीत राहणारे मराठी कुटुंब आपल्या मुंबईच्या गिरणीतल्या पणज्याला शोधू लागले, तर बहुधा पहिल्याच वळणावर अडते. पणजा कोणत्या गिरणीत होता, त्या गिरणीचे हजेरीपत्रक कुठे आहे, त्यात त्याचे नाव आहे का, असे प्रश्न क्रमाने सुचतात आणि तिन्हींची उत्तरे निराशाजनक निघतात. माझे म्हणणे असे की प्रश्नांचा हा क्रमच उलटा आहे. मुंबईचा गिरणी कामगार, निदान १९३५ च्या आधीचा, गिरणीच्या कागदात शोधायचा नसतो. तो गावच्या कागदात शोधायचा आणि तिथून गिरणीपर्यंत यायचे. इंग्लंडात गिरणीने माणसाला गावापासून तोडून शहरात वसवले आणि मग सरकारने त्याला तिथे मोजले. मुंबईत तसे घडले नाही, आणि कागदही त्याप्रमाणेच तयार झाले.

आधी खानेसुमारीचा मुद्दा निकालात काढू, कारण इंग्रजी वाटेवर जाणारा प्रत्येक जण तिथेच पोचतो. हिंदुस्थानात पहिली मोठी खानेसुमारी १८७२ च्या सुमारास आणि सर्वत्र एकाच वेळी झालेली १८८१ साली. मोजणी घरोघर झाली, नावे-माहिती टिपली गेली, पण आकडे काढून झाल्यावर मूळ चिठ्ठ्या आणि तक्ते जपण्याची पद्धत इथे नव्हती. उरले ते छापील खंड: अमुक वॉर्डात इतके पुरुष, अमुक जिल्ह्यात जन्मलेले इतके. १९४८ च्या जनगणना कायद्याने तर वैयक्तिक नोंदी पाहण्याची वाटच बंद केली, आणि त्याला शंभर वर्षांची इंग्रजी मुदतही नाही. आपल्या खानेसुमारीतून कोणाचा पणजोबा सापडत नाही. सापडते ते त्याच्यासारख्यांचे चित्र, आणि तेच आपल्या मुद्द्याचा पहिला पुरावा आहे. १९२१ साली मुंबईत राहणाऱ्या दर शंभर माणसांतली सुमारे ८४ मुंबईबाहेर जन्मलेली होती. १९११ मध्ये गिरणी कामगारांपैकी जवळजवळ निम्मे एकट्या रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले होते. तेव्हाच्या रत्नागिरीत आजचा सिंधुदुर्गाचा बराच भाग येत होता. मालवण, वेंगुर्ल्याच्या कुटुंबांनी जुन्या कागदात जिल्हा ‘रत्नागिरी’ वाचून दचकू नये, सिंधुदुर्ग वेगळा झाला तो १९८१ साली. उरलेल्यांत सातारा-कोल्हापूरकडचे घाटी, पुणे-अहमदनगरकडचे, तेलंगणातले पद्मशाली, उत्तरेकडचे विणकर असे सगळे होते.

आता गिरणीकडे पाहू. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये कंपनी स्थापली आणि ताडदेवच्या गिरणीत १८५६ साली सूत निघू लागले. शतक संपता संपता मुंबईच्या गिरण्यांत रोज कामावर असणाऱ्यांची संख्या सत्तर हजारांच्या आसपास गेली होती. एवढ्या माणसांची नावे कोणाकडे होती? गिरणीच्या कचेरीकडे क्वचित, मुकादमाकडे नक्की. माणूस ठेवणारा, काढणारा, उधार देणारा, पगारातून कापून घेणारा मुकादम म्हणजे जॉबर. तो आपल्या गावचे, आपल्या नात्यातले, आपल्या खानावळीतले लोक खात्यात भरायचा. सकाळी फाटकावर बदलीवाले उभे असत; एखाद्याचा खाडा पडला की मुकादम त्यांतला एक आत घ्यायचा. त्या दिवशी त्या सांच्यावर कोण होते, हे कित्येकदा मूळ कामगाराच्याच नावावर चढत असे. मालकांच्या संघटनेने बदली कामगारांची शिस्तशीर नोंद आणि कार्डे सुरू केली ती १९३५ साली, आणि तीही कामगाराच्या सोयीपेक्षा मुकादमाची पकड सैल करण्यासाठी. गिरणीच्या दृष्टीने कामगाराला नाव मिळाले ते असे, पहिली गिरणी सुरू झाल्यानंतर जवळपास ऐंशी वर्षांनी.

शिवाय जे नाव लिहिले जायचे तेही आजच्या शोधात उपयोगी पडेल असे नसे. बाळू विठू, रामा बाबाजी, गंगू सखाराम: स्वतःचे नाव आणि बापाचे नाव, आडनावाचा पत्ता नाही. आडनाव बहुधा पुढच्या पिढीला शाळेत नाव घालताना चिकटले, आणि कित्येकदा ते गावावरूनच पडले. आज ‘अमुककर’ लावणाऱ्या कुटुंबाने १९१० च्या कागदात ‘अमुककर’ शोधणे व्यर्थ आहे. गिरण्यांची नावेही स्थिर नव्हती. ससून घराण्याच्या गिरण्या १९४३ नंतर इंडिया युनायटेड म्हणून क्रमांकाने ओळखल्या जाऊ लागल्या. आजोबा ‘जेकब ससून’ म्हणत असतील आणि काका ‘इंडिया युनायटेड एक नंबर’ म्हणत असतील, तर दोघे एकाच फाटकाविषयी बोलत असण्याची शक्यता आहे. घरात सांगितले जाणारे गिरणीचे नाव त्यामुळे पुरावा म्हणून कच्चे, खुणेपुरते ठीक.

यावर पहिला आक्षेप येतो तो अभ्यासकांचा, आणि तो रास्त आहे: गिरण्यांचे कागद अजिबात नाहीत असे कसे म्हणता? मिल मालक संघटनेचे १८७५ पासूनचे वार्षिक अहवाल आहेत, टाटांचे दप्तर पुण्याला आहे, महाराष्ट्र राज्य पुराभिलेखागार मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे, कारखाना चौकशी आयोगांचे खंड आहेत. सगळे खरे. पण त्या कागदांत काय आहे ते पाहावे. चात्या किती, माग किती, कापूस किती गाठी, एजंट कोण, नफा किती. कामगार दिसतो तो संख्येच्या रूपात. आयोगांच्या साक्षीत मात्र तो कधीमधी तोंड उघडतो. १८८४ मध्ये कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळला सभा घेऊन कारखाना आयोगापुढे मागण्या ठेवल्या; त्या अर्जावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या असे सांगितले जाते. १८९० मध्ये महालक्ष्मीच्या सभेला दहा हजार कामगार जमले, दोन स्त्रिया तिथे बोलल्या, आणि त्याच वर्षी जूनमध्ये मालकांनी रविवारची सुटी मान्य केली. कामगारांच्या स्थितीची चौकशी करायला १९२९ साली आलेल्या व्हिटली आयोगाच्या साक्षींच्या अकरा खंडांतला पहिला मुंबई इलाख्याचा आहे. हे वाचल्याने पणज्याचे नाव मिळत नाही. पाळी किती तासांची होती, त्रासन म्हणजे सूतकताईच्या खात्यात उकाडा कसा असे, व्याज काय दराने कापत, हे मिळते. नाव दुसरीकडून आणून या पार्श्वभूमीवर बसवायचे असते. उलट क्रमाने काम होत नाही.

तर नाव कुठून आणायचे? गावातून. मुंबईचा कामगार गाव सोडून आलाच नव्हता, तो गावचा एक पाय मुंबईत टाकून उभा होता. बायको-मुले गावी, तो खानावळीच्या गाळ्यात. पावसाळ्यात भातलावणीला, शिमग्याला, गणपतीला गावी. आजारी पडला की गावी. संप लांबला की गावी. १८९६ च्या प्लेगमध्ये शहरातले लाखो लोक गावाकडे पळाले आणि गिरण्या ओस पडल्या, तेव्हा हे मालकांनाही चांगलेच कळले. कामगार वारंवार गावी जातो म्हणून तो अर्धवट मजूर, अशी तक्रार मालक करीत आणि आयोग ती लिहून घेत. मला त्यात उलटी गोष्ट दिसते: पगार इतका कमी आणि नोकरी इतकी बेभरवशाची होती की गावचा वाटा सोडणे मूर्खपणाचे ठरले असते. म्हणून जमिनीच्या नोंदीत त्याने नाव टिकवले, वारसाला लावले, भावकीशी भांडून वेगळे काढले. सात-बारा आणि त्यामागचे फेरफार ही मराठी कामगाराची खरी वंशावळ आहे. खातेदार मेला की फेरफारात वारसांची नावे नात्यासकट चढतात: मुलगे, विधवा, कधी मुली. एका फेरफारावरून आधीच्या फेरफाराचा क्रमांक मिळतो आणि अशी शिडी विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत उतरता येते. जुने अभिलेख आता सरकारने स्कॅन करून ‘आपले अभिलेख’ या सेवेवर ठेवायला घेतले आहेत, म्हणजे द्वारकेत बसूनही तालुका-गाव निवडून शोध सुरू करता येतो.

दुसरा आक्षेप याहून टणक आहे. ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नव्हती त्याचे काय? कोकणात खोती होती. जमीन खोताच्या नावावर आणि कसणारा कूळ. गिरणीत गेलेल्यांत कुळे, भूमिहीन आणि अस्पृश्य मानलेल्या जातींचे लोक मोठ्या संख्येने होते. सात-बाऱ्यावर भिस्त ठेवली तर आपण पुन्हा खातेदारांचाच इतिहास लिहू. हा आक्षेप मी मान्य करतो, पण त्याने गावचा रस्ता बंद होत नाही, फक्त दप्तर बदलते. १९४९ च्या कायद्याने खोती गेली तेव्हा कुळांचे हक्क नोंदले गेले. महार वतन आणि इतर कनिष्ठ वतने १९५८ च्या कायद्याने रद्द झाली. त्या प्रकरणांत वतनदारांच्या नावांच्या याद्या आणि हिस्से निघाले, आणि त्या कित्येकदा आधीच्या दोन-तीन पिढ्या मागे नेतात. त्याशिवाय दोन दप्तरे अशी आहेत की ज्यांना जमिनीशी देणेघेणे नाही. एक, गाव नमुना १४, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंद, लोकांच्या तोंडी कोतवाल बुक. दुसरे, शाळेचे जनरल रजिस्टर. २०२३ साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, आणि जिल्ह्याजिल्ह्यांत हीच दप्तरे उघडून, मोडी वाचणारे बसवून, पन्नास लाखांहून अधिक नोंदी हाती लागल्या. त्या खटाटोपाच्या राजकारणाविषयी कोणाचे काहीही मत असो, गावचे दप्तर किती खोल आहे हे त्याने दाखवून दिले.

बायकांची वाट याहूनही बिकट. गिरण्यांत रिळिंग आणि वाइंडिंग खात्यांत स्त्रिया मोठ्या प्रमाणावर होत्या, शतक बदलताना एकूण कामगारांचा पाचवा हिस्सा किंवा किंचित अधिक, आणि त्यांत विधवा व टाकलेल्या बायका बऱ्याच. त्यांच्यावर नायकीण, म्हणजे बाई मुकादम, असायची. घरच्या आठवणीत मात्र ‘पणजोबा गिरणीत होते’ एवढेच उरते. पणजी होती हे सांगायला पुढच्या पिढ्यांना कमीपणा वाटला असावा. फेरफारात विधवा म्हणून नाव चढलेली आणि त्यानंतर गावात कुठल्याच नोंदीत न दिसणारी स्त्री आढळली, तर तिचा शोध गिरणगावात घ्यायला हरकत नाही. बायकांची नावे सापडण्याची आणखी एक जागा म्हणजे भरपाईची प्रकरणे. १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा १९२४ पासून लागू झाला. गिरणीत अपघाती मृत्यू झाला तर भरपाई थेट घरी न देता आयुक्ताकडे भरावी लागे आणि तो ती अवलंबितांत वाटून देई. असे प्रकरण हाती लागले तर त्यात बायको, मुले, म्हातारी आई, सगळ्यांची नावे एकत्र मिळतात. वाईट वाटावे अशी गोष्ट आहे, पण कामगाराचे कुटुंब सरकारी कागदात सर्वांत नीट दिसते ते त्याच्या मरणामुळे.

गाव आणि जात कळली की गिरणीतले खाते बऱ्याच विश्वासाने ठरवता येते, आणि इथे गावच्या कागदाची दुसरी उपयुक्तता दिसते. सांच्यावर, म्हणजे मागावर, धोट्यातला दोरा तोंडाने ओढून काढावा लागे. विटाळाचे निमित्त करून साळखात्यात, म्हणजे विणाईच्या खात्यात, महारांना घेतले जात नसे. तिथे पगार जास्त होता. त्यांना बहुधा त्रासन खात्यात काम मिळे. १९२८ च्या सहा महिन्यांच्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संपाच्या पुढाऱ्यांसमोर हाच प्रश्न ठेवला. त्यामुळे दलित कुटुंबातला कोणी ‘आजोबा विणकर होते’ असे सांगत असेल तर तारीख विचारावी. विसाच्या दशकातली असेल तर गोष्ट तपासून घ्यावी, नंतरची असेल तर शक्य आहे. हे नाव नव्हे, संभाव्यता आहे, आणि टिपणात ती तशीच लिहावी. वंशावळीत खात्रीचे आणि संभाव्य एकाच शाईने लिहिले की पुढच्या पिढीला दोन्ही निरुपयोगी होतात.

यानंतर दिल्लीचा फायदा. मुंबईच्या गिरणगावाचे काही कागद मुंबईत नाहीत, दिल्लीत आहेत, आणि त्याचे कारण मेरठ. १९२८ च्या संपातून उभी राहिलेली लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन वर्षअखेर पन्नास हजारांवर सभासद सांगत होती. मार्च १९२९ मध्ये सरकारने देशभर धरपकड करून मेरठला कटाचा खटला भरला. आरोपींत डांगे, घाटे, मिरजकर, जोगळेकर, निंबकर यांच्याबरोबर अर्जुन आत्माराम आळवे आणि गोविंद रामचंद्र कासले हे दोघे प्रत्यक्ष गिरणीत काम केलेले होते. झडतीत युनियनचे कागद जप्त झाले आणि पुरावा म्हणून दाखल झाले. खटल्याची कागदपत्रे राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. आळवे यांनी कोर्टापुढे दिलेले निवेदन तर गिरणी कामगाराने स्वतःच्या तोंडाने सांगितलेल्या दुर्मीळ जीवनकथांपैकी आहे. कामगार पुढारी ना. म. जोशी आणि आयटक ही कामगार महासंघटना यांचे कागद तीन मूर्ती भवनाच्या ग्रंथालयात आहेत, नोएडाच्या व्ही. व्ही. गिरी राष्ट्रीय श्रम संस्थेत भारतीय श्रमिक इतिहासाचे अभिलेखागार आहे. द्वारकेहून नोएडाला जाणारी मेट्रोची निळी लाइन ही दोन टोके जोडते, आणि जनपथावरचे राष्ट्रीय अभिलेखागार वाटेत एक गाडी बदलून गाठता येते.

शेवटी माझ्याच मांडणीची मर्यादा. गावातून गिरणीकडे, हा क्रम सगळ्या काळाला लागू नाही. १९४८ चा राज्य विमा कायदा आणि १९५२ चा भविष्य निर्वाह निधी कायदा आल्यावर कामगाराला क्रमांक मिळाला, आणि त्यानंतरच्या आजोबांसाठी गिरणीकडून सुरुवात करणेच शहाणपणाचे. १९७४ मध्ये देशभरातल्या १०३ आजारी गिरण्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेल्या, १९८३ मध्ये मुंबईतल्या आणखी १३ सरकारच्या ताब्यात आल्या. या महामंडळाची मुख्य कचेरी दिल्लीत लोदी रोडवर आहे आणि माहिती अधिकाराचा अर्ज तिथे करता येतो. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर गिरण्यांच्या जमिनींवर कामगारांना घरे द्यायचे ठरले, तेव्हा म्हाडाकडे दीड लाखांच्या आसपास अर्ज आले. ओळखपत्र, तिकीट नंबर, हजेरी कार्ड, विमा कार्ड, सेवेचा दाखला यांसाठी घराघरांतल्या ट्रंका उघडल्या गेल्या. आपल्याकडे झालेला कामगार-वंशावळीचा हा सर्वांत मोठा शोध, आणि तो इतिहासाच्या प्रेमापोटी नाही, घरासाठी झाला. पण त्याची हद्द १ जानेवारी १९८२ या तारखेशी बांधलेली होती. जे कामगार त्याआधीच निवृत्त झाले किंवा गेले त्यांचे कागद कोणी मागितले नाहीत, म्हणून कोणी शोधलेही नाहीत.

म्हणून सांगणे इतकेच. मुंबईचे तिकीट काढण्याआधी घरातल्या सर्वांत वयस्क माणसाकडून गावाचे, वाडीचे आणि खापरपणजोबांपर्यंतच्या बापांचे नाव लिहून घ्या. आडनावाची घाई करू नका. मग सात-बारा, फेरफार, गाव नमुना १४, शाळेचे रजिस्टर, आणि कुटुंब तीर्थाला जात असेल तर त्र्यंबकेश्वर किंवा नाशिकच्या तीर्थोपाध्यायांची वही, या क्रमाने जा. त्यानंतर जनपथ, त्यानंतर मुंबई. आणि ट्रंकेत जुने हजेरी कार्ड किंवा मनिऑर्डरची पावती असेल, तर ती आजच दोन्ही बाजूंनी स्कॅन करून ठेवा. पावतीच्या मागच्या बाजूला बहुधा पोस्टाचा शिक्का असतो, आणि शिक्क्यात तारीख.